खान्देशातून परदेशी गेलेल्यांसाठी: चांगली बिअर कशी ओळखावी आणि कोठे शोधावी

जळगाव, धुळे, नंदुरबार या भागांतून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणारे तरुण आता गावोगावी आढळतात. तेथे पोहोचल्यावर घर कसे शोधावे, बँकेत खाते कसे उघडावे, तूरडाळ आणि ज्वारीचे पीठ कोणत्या दुकानात मिळते हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. बिअरविषयी मात्र नीट माहिती कोणी देत नाही. त्यामुळे शंभर प्रकारांनी भरलेल्या फळीसमोर उभा राहिलेला नवखा माणूस एक तर ओळखीच्या नावाची बाटली उचलतो किंवा सर्वांत स्वस्त कॅन घेऊन घरी येतो. ज्यांचे वय त्या देशाच्या कायद्यात बसते आणि ज्यांना बिअर घ्यायचीच आहे, त्यांना ती चांगली मिळावी एवढ्यासाठी हा लेख आहे. जे घेत नाहीत त्यांनी सुरुवात करावी असे मी मुळीच सुचवत नाही.

आधी आपली सवय समजून घ्या

खान्देशातील बिअर शॉपी किंवा परमिट रूममध्ये आपण मुख्यतः दोनच शब्द शिकतो: माइल्ड आणि स्ट्राँग. दोन्ही प्रकार बहुधा एकाच जातीचे, म्हणजे लागर (कमी तापमानाला आंबवलेली बिअर) असतात, आणि फरक प्रामुख्याने अल्कोहोलच्या प्रमाणाचा असतो. स्ट्राँगमध्ये ते आठ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय आपल्याकडे बिअर इतकी गार करून पितात की जिभेला चव कळायला वावच राहत नाही. याला आपले हवामान कारण आहे, आणि त्याच हवामानाने बिअरचे नुकसानही केलेले असते.

बिअर उष्णतेने लवकर शिळी होते. ब्रुअरीच्या व्यवसायात एक ढोबळ ठोकताळा सांगतात, तो असा की सुमारे ३२ अंश सेल्सिअसला तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस ठेवलेल्या बिअरचे वय जवळपास सारखेच झालेले असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे ट्रकमध्ये आणि गोदामात काही दिवस राहिलेल्या बाटलीचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. शिळ्या बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि ती घशाशी बोथट लागते. 'बिअरची चव अशीच असते' असे मत आपल्यापैकी अनेकांनी अशाच बाटल्यांवरून बनवलेले असते, म्हणून परदेशी पोहोचल्यावर ते बाजूला ठेवूनच सुरुवात करावी.

मला या लेखात सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच की बिअर ही खाण्याच्या वस्तूसारखी नाशवंत आहे. रावेर-सावद्याची केळी बागेत कितीही उत्तम असली तरी दिल्लीच्या बाजारात तिचा भाव ती कशी भरली, कशी नेली आणि किती दिवसांनी पोहोचली यावर ठरतो, हे आपल्या भागात लहान पोरालाही ठाऊक असते. बिअर घेतानाही नावाच्या आधी हेच प्रश्न विचारायचे असतात.

पहिली पायरी: कायदा आणि दुकान

प्रत्येक देशाची पद्धत निराळी आहे. अमेरिकेत २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय बिअर विकत मिळत नाही आणि कितीही वयस्कर दिसलात तरी ओळखपत्र मागितले जाते, त्यामुळे पासपोर्ट किंवा तेथील राज्याचे ओळखपत्र जवळ ठेवावे. बहुतेक ठिकाणी रस्त्यावर किंवा बागेत उघडी बाटली धरणेही तेथे गुन्हा ठरते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात वयाची अट १९ आहे आणि एलसीबीओ या सरकारी दुकानांत परदेशी बिअरची निवड चांगली असते. स्वीडनमध्ये साडेतीन टक्क्यांपेक्षा तीव्र बिअर घरी न्यायची तर ती मुख्यतः सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानांत मिळते. तेथे वयाची अट २० आहे, शनिवारी दुकाने दुपारीच बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत, म्हणून खरेदी शुक्रवारपर्यंत उरकावी. या दुकानांचा एक मोठा फायदा असा की फळीवर नसलेली बिअरही त्यांच्या मागणी यादीतून मागवता येते.

जर्मनीत ही अडचण नाही. किराणा दुकानातही बिअर मिळते, पण खरी निवड पाहायची असेल तर गेट्रेंकेमार्क्ट म्हणजे फक्त पेयांच्या मोठ्या दुकानात जावे. तेथे अर्ध्या लिटरच्या वीस बाटल्यांचा क्रेट घेतात, आणि प्रत्येक बाटलीवर अनामत रक्कम असते: साध्या काचेच्या बाटलीला ८ सेंट, तारेच्या झाकणाच्या बाटलीला १५ सेंट आणि कॅनला २५ सेंट. रिकाम्या बाटल्या दुकानातील यंत्रात घातल्या की पावती मिळते आणि ती रक्कम पुढच्या खरेदीत वळती होते. नव्या माणसाने पहिल्या आठवड्यापासूनच बाटल्या साठवून परत देण्याची सवय लावावी.

आखातात जाणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. सौदी अरेबिया आणि कुवेत येथे, तसेच संयुक्त अरब अमिरातीतील शारजा येथे बिअरचा शोध घेण्याच्या भानगडीत पडूच नये. दुबईत २१ वर्षांवरील व्यक्तीला परवानाधारक दुकानातून ती घेता येते, परंतु पिऊन गाडी चालवण्याबाबत तेथे कोणतीही सूट नाही. हाच नियम मी सगळ्या देशांसाठी पाळायला सांगेन. जर्मनीत पहिल्या दोन वर्षांचा परवाना असलेल्या चालकाला शून्य मर्यादा आहे, आणि इंग्लंडपेक्षा स्कॉटलंडची मर्यादा कडक आहे. हे आकडे पाठ करण्यापेक्षा ट्राम किंवा बसने जावे.

मोठ्या शहरांत बॉटल शॉप नावाची लहान, खास दुकाने असतात आणि नवख्यासाठी तीच उत्तम शाळा असते. अशा दुकानात शिरल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा) भर असलेल्या बिअर फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत की खिडकीत मांडल्या आहेत? आणि 'या आठवड्यात ताजे काय आले?' असे विचारल्यावर दुकानदार लगेच उत्तर देतो की गोंधळतो? दोन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तर ते दुकान धरून ठेवावे.

दुसरी पायरी: लेबल वाचणे

बाटली हातात घेतल्यावर आधी तारीख शोधावी. ती गळ्यावर, तळाशी किंवा लेबलच्या कडेला अगदी बारीक छापलेली असते. युरोपात बहुधा 'या तारखेपर्यंत उत्तम' अशी मुदत असते, तर अमेरिकेतील अनेक लहान ब्रुअरी बाटली भरल्याची तारीख देतात. मला दुसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण मुदत किती लांब द्यायची हे कारखानदार ठरवतो. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ०४/०७ म्हणजे तेथे ४ जुलै नव्हे तर ७ एप्रिल, हेही ध्यानात ठेवावे. आयपीए (इंडिया पेल एल) किंवा पेल एल, म्हणजे हॉप्सचा भर असलेल्या फिकट बिअर, भरल्यापासून तीन महिन्यांच्या आतली असेल तरच घ्यावी. त्यापुढे हॉप्सचा सुगंध उडून नुसता कडवटपणा उरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे बाटलीचा रंग. हॉप्समधील कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उग्र, कुबट वास येतो. उन्हात तर हे काही मिनिटांतही घडू शकते. तपकिरी काच यापासून बऱ्यापैकी संरक्षण देते, हिरवी आणि पांढरी काच फारच कमी देते, आणि कॅनमध्ये प्रकाश शिरतच नाही. कॅन म्हणजे हलका माल, हा आपल्याकडचा समज येथे सोडून द्यावा. हिरव्या बाटलीतली बिअर हवीच असेल तर ट्यूबलाइटखालच्या फळीवरची सुटी बाटली न घेता बंद खोक्यातील घ्यावी.

तिसरी गोष्ट, ती कोठे बनली आहे. परदेशी नाव असले म्हणजे माल परदेशातून आला असे नव्हे. ब्रिटनमध्ये विकली जाणारी फॉस्टर्स ऑस्ट्रेलियातून येत नाही, ती मँचेस्टरला बनते. मद्री हे स्पॅनिश थाटाचे नाव असलेली बिअर यॉर्कशायरमधील टॅडकास्टरला बनते. आणि लंडनच्या भारतीय उपाहारगृहात आपुलकीने मागवली जाणारी कोब्रा इंग्लंडमधील बर्टनला तयार होते. अमेरिकेत बेक्स ही जर्मन नावाची बिअर २०१२ पासून सेंट लुइस येथे बनू लागली, आणि ग्राहकांनी दिशाभूल झाल्याचा दावा लावल्यावर २०१५ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. तेथे बनलेली बिअर वाईटच असते असे माझे म्हणणे नाही, कदाचित ती अधिक ताजी असेल. परंतु आयात मालाचा भाव मात्र तिच्यासाठी मोजू नये.

तिसरी पायरी: आयात काय घ्यावे आणि स्थानिक काय

येथे एकच नियम पुरेसा आहे, आणि पैसेही सर्वाधिक तोच वाचवतो. ज्या बिअरची खरी गंमत ताजेपणात आहे, ती जेथे राहता तेथली घ्यावी. जी वयाबरोबर टिकते किंवा सुधारते, ती दुरून आलेली घेतली तरी चालते. पिल्सनर (हॉप्सचा कडवटपणा असलेली फिकट लागर), हेलेस (सौम्य फिकट लागर), गव्हाची बिअर, पेल एल, आयपीए हे प्रकार पहिल्या गटात येतात. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्याने जर्मनीहून आलेल्या जुन्या पिल्सनरसाठी दुप्पट पैसे देण्यापेक्षा जवळच्या ब्रुअरीत गेल्या आठवड्यात भरलेली लागर घ्यावी, आणि जर्मनीत राहणाऱ्याने अमेरिकेतून आलेल्या आयपीएच्या मागे धावू नये.

दुसऱ्या गटात बेल्जियमच्या तीव्र बिअर अग्रभागी आहेत. तेथील बिअर संस्कृतीचा समावेश २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती साधुपंथाच्या मठांच्या बिअर त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध. बाटलीवर षटकोनी शिक्का असेल तर ती मठाच्या परिसरात, साधूंच्या देखरेखीखाली बनली आहे आणि तिचे उत्पन्न मठाच्या गरजा व सामाजिक कामांसाठी जाते, असा त्याचा अर्थ. वेस्टमाले ट्रिपेल साडेनऊ टक्के, निळ्या लेबलची शिमे नऊ टक्के आणि रोशफोर्ट १० ही ११.३ टक्के अल्कोहोलची असते. आपल्याकडची स्ट्राँग पचवलेल्यांनीही ही बाटली पाण्यासारखी पिऊ नये. तीनशे तीस मिलीलिटर दोघांत वाटून, तासभर घेत बसण्याची ती वस्तू आहे. वेस्टव्लेटेरेन मठ आपली बिअर प्रामुख्याने नोंदणी केलेल्या ग्राहकांना विकतो, त्यामुळे इतर दुकानांत ती अवाच्या सवा भावाने दिसली तर नवख्याने मोहात पडू नये. खर्चाच्या मानाने रोशफोर्ट तिच्यापेक्षा काकणभरही कमी नाही, असे माझे ठाम मत आहे.

चौथी पायरी: जीभ कोठून सुरू करावी

खान्देशी माणसाने सुरुवात जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या गव्हाच्या बिअरने, म्हणजे वाइसबिअरने करावी, असे मी नेहमी सांगतो. तिच्यातील यीस्ट आंबवताना आयसोअमाइल ॲसिटेट नावाचे द्रव्य तयार करते, आणि पिकलेल्या केळ्याला जो वास असतो तो मुख्यतः याच द्रव्याचा असतो. केळी पिकवण्याच्या वखारीचे दार उघडल्यावर अंगावर येणारा तो गोडसर दरवळ ज्याने लहानपणापासून घेतला आहे, त्याला या ग्लासातले केळे कोणी दाखवून द्यावे लागत नाही. त्यामागून लवंगेचा वास येतो, तोही यीस्टमुळेच. बाटलीत केळे नसते आणि लवंगही नसते. फक्त पाणी, गहू व बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स आणि यीस्ट. वाइहेनस्टेफानर किंवा श्नायडर यांपैकी जी ताजी मिळेल ती घ्यावी.

ती ओतण्याचीही रीत आहे. उंच ग्लास आधी गार पाण्याने विसळून घ्यावा, तिरपा धरून बिअर काठावरून हळूहळू सोडावी, आणि बाटलीत दोन बोटे बिअर उरली की थांबावे. मग बाटली मनगटातून गोल फिरवून तळाचे यीस्ट ढवळावे आणि उरलेली बिअर वरून ओतावी. ग्लासात पिवळसर गढूळपणा आणि वर चार बोटे घट्ट फेस आला पाहिजे. ग्लासला तेलाचा किंचितही अंश लागला असेल तर फेस बसून जातो, म्हणून तर्रीच्या भांड्यांबरोबर घासलेला ग्लास बिअरला वापरू नये. बिअरचे ग्लास वेगळे धुवावेत आणि पालथे ठेवून आपोआप वाळू द्यावेत.

यानंतर हेलेस, मग पिल्सनर, मग इंग्लिश बिटर किंवा पेल एल, आणि कडवटपणाची सवय झाल्यावर आयपीए, या क्रमाने पुढे जावे. काळ्या बिअरला घाबरू नये. रंग भाजलेल्या धान्याचा असतो, त्याचा तीव्रतेशी संबंध नाही. पबमध्ये मिळणारी ड्राफ्ट गिनेस सव्वाचार टक्क्यांच्या आसपासच असते, म्हणजे आपल्या माइल्डपेक्षाही फार वेगळी नाही. आंबट बिअर मात्र शेवटी ठेवाव्यात.

पाचवी पायरी: बसून पिण्याच्या जागा

ब्रुअरीला लागूनच टॅपरूम (तेथली बिअर बसून पिण्याची जागा) असेल तर पूर्ण ग्लास न मागवता आधी फ्लाइट मागवावी. त्यात चार-पाच लहान ग्लासांतून वेगवेगळ्या बिअर येतात. हलकी आधी, तीव्र नंतर, हा क्रम पाळावा.

इंग्लंडच्या पबमध्ये हाताने ओढायच्या दांड्याची बिअर दिसली की ती कास्क एल असते. ती पिंपात शेवटपर्यंत जिवंत असते, तळघराच्या १२ अंशांच्या आसपासच्या तापमानाला मिळते आणि पिंप उघडल्यावर तीनेक दिवसांत संपावी लागते. 'कोमट दिली' म्हणून तक्रार करू नये. आंबट लागली तर मात्र नम्रपणे सांगावे, बहुतेक ठिकाणी ती बदलून देतात. ही परंपरा बुडू नये म्हणून १९७१ मध्ये कॅमरा ही ग्राहकांची संघटना स्थापन झाली आणि आजही ती कार्यरत आहे. घेण्याआधी घोटभर चाखायला मागणे तेथे शिष्टाचाराला धरून आहे. कोलोन शहरात क्योल्श दोनशे मिलीलिटरच्या बारीक ग्लासात येते आणि ग्लास रिकामा होताच वाढपी न विचारता दुसरा ठेवतो. पुरे झाले की ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवावी.

म्युनिकच्या बिअर गार्डनविषयी प्रत्येक खान्देशी कुटुंबाला मी आवर्जून सांगतो. तेथील जुन्या प्रथेनुसार, जिला राज्याच्या नियमांचाही आधार आहे, टेबलक्लॉथ नसलेल्या बाकांवर बसून घरून आणलेले जेवण खाता येते. पेय तेवढे तेथूनच घ्यायचे असते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचे लोणचे डब्यात भरून न्यावे आणि चेस्टनटच्या सावलीत हेलेसबरोबर निवांत बसावे. शाकाहारी माणसाला अशा ठिकाणी पोटभर जेवता येत नाही, ही आपल्या लोकांची नेहमीची अडचण त्यामुळे दूर होते.

सहावी पायरी: आपले जेवण आणि ही बिअर

तिखट आणि बिअर यांचे जमते असे सरसकट म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. अल्कोहोल, कडवटपणा आणि बुडबुडे या तिन्हींमुळे मिरचीची आग वाढते. त्यामुळे काळ्या मसाल्याच्या शेवभाजीबरोबर तीव्र आयपीए घेतली तर भाजीची चवही जाते आणि बिअरचीही. अशा वेळी माल्टचा गोडवा असलेली, पाच टक्क्यांच्या आसपासची बिअर घ्यावी. म्युनिकची गडद डुंकेल किंवा मेर्त्सेन शेवभाजीपुढे उत्तम टिकते. फौजदारी डाळ आणि भातावर वाइसबिअर छान लागते.

भरताचा विषय निघाला की मला बाम्बेर्ग शहराची राउखबिअर आठवते. तिच्यासाठी माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात, आणि तो धूर बिअरमध्ये शेवटपर्यंत टिकतो. पऱ्हाटीवर भाजलेल्या वांग्याच्या भरतालाही तोच धुरकटपणा असतो. परदेशातल्या ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याला तो येत नाही, ही खंत आपल्या सगळ्यांचीच आहे. कळण्याच्या भाकरीबरोबर असे भरीत खाताना शेजारी श्लेंकेर्ला या जुन्या घराण्याची राउखबिअर ठेवून पाहावी. पहिला घोट अनेकांना आवडत नाही, तरी अर्धा ग्लास होईपर्यंत निर्णय देऊ नये.

गावी येताना बाटल्या आणायच्या असतील तर

भारतात येताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला सर्व प्रकारची मिळून दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. तीनशे तीस मिलीलिटरच्या सहा बाटल्या १.९८ लिटर भरतात, म्हणजे बरोबर बसतात. आयपीए आणू नये. रोशफोर्ट, शिमे, वेस्टमाले अशा टिकाऊ बाटल्याच आणाव्यात, प्रत्येक बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जाड मोज्यात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळावी आणि चेक-इन बॅगेत मधोमध ठेवावी.

नंदुरबार, शहादा, नवापूरकडच्या लोकांनी एक गोष्ट विसरू नये. सुरत किंवा अहमदाबादला उतरून रेल्वेने घरी येणे सोयीचे वाटते, पण गुजरातमध्ये दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय बाटली बाळगणे तेथे गुन्हा ठरतो. बाटल्या बरोबर असतील तर मुंबईला उतरावे आणि नाशिक, धुळेमार्गे घर गाठावे. उन्हाळ्यात हा प्रवास रात्रीचा ठेवावा, बॅग गाडीच्या टपावर टाकू नये, आणि घरी पोहोचल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये उभ्या ठेवून यीस्ट तळाशी बसायला दोन दिवस द्यावेत. उघडण्याच्या अर्धा तास आधी त्या बाहेर काढाव्यात. १२ अंशांच्या आसपास त्यांची चव खुलते, आणि जळगावच्या मे महिन्यात तेवढ्या तापमानाला यायला पंधरा मिनिटेही पुरतात.